वेशाला गुण नाहीत, वजाबाकी आहे

परभणी केंद्रावर हौशी राज्य नाट्य स्पर्धा भरते, तेव्हा नाटकाला आणि अभिनयाला तर पारितोषिकं असतातच, पण नेपथ्य, प्रकाशयोजना, रंगभूषा यांनाही स्वतंत्र पारितोषिकं असतात. प्रेक्षकांच्या डोळ्यांपुढे जे मांडलं जातं, त्याचाही हिशेब तिथे उघडपणे होतो. फिगर स्केटिंगची गोष्ट उलटी आहे. चार मिनिटं संगीतावर घसरत, गिरक्या घेत, हवेत उड्या मारत जो खेळाडू जगभरच्या कॅमेऱ्यांसमोर उभा राहतो, त्याच्या पोशाखासाठी गुणपत्रिकेत रकानाच नाही. रकाना आहे तो फक्त वजाबाकीचा. पोशाख नियमाबाहेरचा ठरला, तर एक गुण कापला जातो. पोशाखावरचं पीस, फूल किंवा खडा बर्फावर पडला, तरी एक गुण जातो.

ज्याला एकही गुण नाही, त्यासाठी महिनोन्‌महिने कापड निवडायचं, नक्षी काढायची, हजारो खडे हातानं जडवायचे, हा खटाटोप कशासाठी? कारण पंच माणूस असतो. पोशाखाला गुण नसले, तरी सादरीकरणाला असतात. संगीत, हालचाल आणि आकृती यांचा मेळ बसला की नाही, हे पंचाला डोळ्यांनीच ठरवायचं असतं आणि त्या डोळ्यांपुढे पहिल्यांदा येतं ते कापड. म्हणून या खेळातल्या पोशाखाचा सव्वाशे वर्षांचा इतिहास एका प्रश्नाभोवती फिरत आला आहे: पंचाला काय दिसावं आणि काय दिसू नये? गंमत अशी, की स्त्रियांच्या बाबतीत याच प्रश्नापायी एकदा झगा फार लांब ठरला आणि एकदा फार आखूड.

घोट्यापर्यंतच्या झग्याचा गुन्हा

आंतरराष्ट्रीय स्केटिंग युनियन १८९२ साली स्थापन झाली. तिच्या जागतिक स्पर्धेच्या नियमांत ‘फक्त पुरुषांसाठी’ असं कुठं लिहिलेलं नव्हतं, कारण बाई खेळायला येईल हे कुणाच्या मनातच आलं नव्हतं. १९०२ साली लंडनच्या स्पर्धेत मॅज सायर्स नावाची इंग्रज महिला उतरली आणि थेट दुसरी आली. तिच्या पुढे होता तो फक्त स्वीडनचा उलरिख साल्खोव, ज्याच्या नावाची उडी आजही मारली जाते.

पुढच्याच वर्षी युनियनच्या बैठकीत बायकांना या स्पर्धेत येऊ द्यायचं नाही, असं ठरलं. त्यासाठी दिलेली कारणं वाचण्याजोगी आहेत. एक कारण असं, की लांब झग्यामुळे पावलं झाकली जातात, मग पंचांनी गुण द्यायचे कसे? दुसरं असं, की पंचाचं एखाद्या स्पर्धक मुलीवर मन जडलेलं असेल तर निवाडा सरळ होणार नाही. दुसऱ्या कारणातला दोष पंचाचा होता, शिक्षा मात्र खेळाडूला झाली. पहिलं कारण तेवढं हास्यास्पद नव्हतं. त्या काळी या खेळाचा गाभा म्हणजे बर्फावर पात्यानं काढलेल्या आकृत्या. वर्तुळ, आठाचा आकडा, वळणं. पातं कोणत्या कडेवर टेकलं आहे, हे पाहिल्याशिवाय गुण देता येत नसत आणि जमिनीला टेकणारा झगा नेमकं तेच लपवत असे. उपाय साधा होता, झगा चार बोटं वर घ्यायचा. सायर्सनं झगा वर घेतलाही. पण संघटनेला कापड कापण्यापेक्षा बाईलाच वगळणं सोपं वाटलं. १९०६ साली महिलांची वेगळी स्पर्धा सुरू झाली. सायर्सनं ती पहिली दोन्ही वर्षं जिंकली आणि १९०८च्या लंडन ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदकही मिळवलं.

गुडघ्यावर आलेला झगा आणि रंगीत पडदा

झगा खऱ्या अर्थानं वर गेला तो एका लहान मुलीमुळे. नॉर्वेची सोन्या हेनी १९२४ साली शामोनीच्या ऑलिंपिकमध्ये उतरली, तेव्हा ती ११ वर्षांची होती. आठ जणींत ती शेवटची आली. पण लहान मुलीनं गुडघ्यापर्यंतचा फ्रॉक घातला तर कुणी नाक मुरडत नाही, आणि त्या फ्रॉकमुळे मोठ्या बायकांना न जमणाऱ्या उड्या तिला मारता येत होत्या. पुढे १९२८, १९३२ आणि १९३६ अशी सलग तीन सुवर्णपदकं तिनं जिंकली. तोवर आखूड झगा हा पोरखेळ राहिला नव्हता, जिंकण्याची ती अट झाली होती. बायकांच्या बुटांना पांढरा रंग रूढ झाला तोही तिच्यामुळे. पावलं लपतात म्हणून जिथे बायकांना बाहेर ठेवलं होतं, तिथे पांढऱ्या बुटांनी नजर पावलांकडेच खेचली.

नंतर बदल घडवला तो दूरचित्रवाणीनं. १९६८चं ग्रनोबलचं हिवाळी ऑलिंपिक रंगीत प्रक्षेपणात दिसलं. अमेरिकेची पेगी फ्लेमिंग तिथे पोपटीकडे झुकणाऱ्या पिवळ्या पोशाखात उतरली. तो तिच्या आईनं, डोरिस यांनी, शिवलेला होता. ग्रनोबलजवळच्या मठातले साधू याच रंगाचं एक मद्य बनवत आणि त्या मद्यावरूनच रंगालाही शार्त्रूझ हे नाव पडलं आहे. तिथल्या प्रेक्षकांना रंग ओळखीचा वाटेल, असा आईचा हिशेब होता. पोशाख साधा होता. फ्लेमिंगनं सुवर्ण जिंकलं, ते त्या स्पर्धेतलं अमेरिकेचं एकमेव सुवर्णपदक. पांढऱ्या बर्फावर कोणता रंग कसा उठतो, हा विचार तेव्हापासून सगळेच करू लागले. १९८४ साली सारायेव्होत जेन टॉर्व्हिल आणि क्रिस्टोफर डीन ‘बोलेरो’वर जांभळ्या, झुळझुळीत पोशाखात नाचले. दोघांच्या अंगावर एकाच रंगाचं कापड असल्यानं दोन देहांची मिळून एकच आकृती दिसत होती. कलात्मकतेसाठी नऊही पंचांनी सहापैकी सहा गुण दिले.

मग झगा आखूड झाला

१९८८ साली पूर्व जर्मनीची कॅटरिना विट एका सादरीकरणात उंच कापलेल्या, पिसं लावलेल्या पोशाखात उतरली. त्याला झगा असा नव्हताच, कमरेभोवती नुसती पिसं होती. कॅल्गरीला तिनं दुसरं ऑलिंपिक सुवर्ण जिंकलं आणि त्यानंतर नियम आला: बायकांनी नितंब आणि कंबर झाकणारा झगा घातलाच पाहिजे. लोक त्याला ‘कॅटरिनाचा नियम’च म्हणत. ऐंशी वर्षांपूर्वी कापड जास्त म्हणून आक्षेप होता, आता कमी म्हणून. नियम करणाऱ्यांना दोन्ही वेळा खात्री होती, की आपण खेळाचीच काळजी घेतो आहोत.

हा नियम २००४ साली मागे घेतला गेला आणि बायकांना विजार किंवा अंगासरशी सबंध पोशाख घालायची मोकळीक मिळाली. पुरुषांवर मात्र पूर्ण लांबीच्या विजारीची सक्ती तेव्हाही कायम राहिली. सगळ्यांना लागू असलेला मुख्य नियम साधारण असा: पोशाख शालीन आणि खेळाला साजेसा असावा, भडक किंवा नाटकी नसावा, अतिरेकी उघडेपणाचा भास नसावा. संगीताचं स्वरूप त्यातून दिसलं तर चालेल. म्हणजे ‘स्वान लेक’वर नाचताना हंसाचा भास चालेल, हंस होऊन आलात तर नाही. ही रेषा कुठे आहे, ते कुणी मोजपट्टीनं सांगू शकत नाही.

अशा धूसर रेषेचा फटका कुणाला बसतो, हे २०१२ साली इटलीतल्या एका स्पर्धेत दिसलं. संयुक्त अरब अमिरातीची झारा लारी डोक्याला स्कार्फ बांधून उतरली. त्या स्कार्फसाठी तिचा एक गुण कापला गेला. स्कार्फची गणती पोशाखाऐवजी हातात धरायच्या छत्री-टोपीसारख्या वस्तूंमध्ये झाली होती. लारीनं संघटनेपुढे आपली बाजू मांडली आणि पुढे स्कार्फसाठी गुण कापणं थांबलं.

कापडाला काय काय सोसावं लागतं

टीव्हीवर जे चकाकतं, त्याच्या आत बरंच शिवणकाम दडलेलं असतं. रिंकवर हवा गार आणि खेळाडू घामाघूम, म्हणून कापड पातळ पण घाम शोषणारं लागतं. उघडी दिसणारी पाठ किंवा खांदे बहुतेकदा उघडे नसतात. तिथे त्वचेच्या रंगात रंगवलेलं ताणलं जाणारं जाळीचं कापड असतं आणि त्याच्यावर नक्षी टाकलेली असते. खेळाडूच्या त्वचेच्या छटेप्रमाणे ते कापड रंगवून घ्यावं लागतं. छटा चुकली तर प्रखर दिव्यांखाली मानेपाशी सरळ रेघ दिसते.

ताणलं जाणारं कापड ही या पोशाखांची खरी क्रांती. लायक्राचा धागा ड्युपाँट कंपनीत १९५८ साली तयार झाला. त्याआधी लोकर, मखमल, साटीन वापरत आणि हात वर केला की सगळा पोशाख वर सरके. आता हात डोक्यावर नेऊन उडी मारली तरी कंबरेची शिवण जागची हलत नाही.

वजनाचं गणित त्याहून बारीक. गिरकी घेताना हात छातीशी घेतले की वेग वाढतो, बाहेर फाकले की कमी होतो. जे वजन शरीराच्या मध्यरेषेपासून जितकं लांब, ते गिरकीला तितकं जास्त अडवतं. म्हणून खडे छाती-कंबरेवर दाटीनं टाकलेले चालतात, पण मनगटावर किंवा झग्याच्या घेरावर तेच खडे महागात पडतात. चार गिरक्यांची उडी हवेत पाऊण सेकंदही टिकत नाही. तेवढ्या वेळात बाहीचा फुगा किंवा सैल टोक हवेला अडलं, तर उतरताना अर्धी गिरकी कमी पडू शकते. जोडीच्या खेळात अजून एक पथ्य असतं. पुरुष जोडीदार जिथे हात घालून उचलतो, त्या कंबरेच्या जागी खडे टाकत नाहीत. खड्यांनी तळवे सोलवटतात आणि गुळगुळीत कापडावरून हात घसरतो.

बर्फावर पडलेल्या तुकड्याला एक गुणाची शिक्षा का, हेही इथेच कळतं. पात्याखाली एखादा खडा किंवा पीस आलं, तर वेगात असलेला खेळाडू तोंडावर आपटतो. आपला तुकडा पुढच्या स्पर्धकाच्याही वाटेत येऊ शकतो. पोशाखाच्या सगळ्या नियमांत हा सर्वांत निर्विवाद नियम आहे.

शाळेच्या गॅदरिंगला ड्रेपरीवाल्याकडून आणलेला पोशाख ऐन नाचात उसवला, तर विंगेत सुई-दोरा घेऊन बसलेली कुणी ताई असते. बर्फावर विंग नसते. २०१८च्या प्योंगचांग ऑलिंपिकमध्ये फ्रान्सची गॅब्रिएला पापाडाकिस जोडीदार गियोम सिझेरॉनबरोबर नाचायला लागली आणि सुरुवातीलाच तिच्या मानेमागचा हूक सुटला. थांबलं तर मोठी वजाबाकी, न थांबलं तर जगासमोर पोशाख ढळण्याची भीती. ती थांबली नाही. एकेक हालचाल सावरत तिनं नाच पूर्ण केला. दुसऱ्या दिवशीच्या मुक्त नृत्यात ही जोडी पहिली आली. तरीही एकूण गुणांत कॅनडाच्या टेसा व्हर्च्यू आणि स्कॉट मॉयर यांच्याहून ती फक्त ०.७९ गुणांनी मागे राहिली आणि तिला रौप्य मिळालं. फरक हुकामुळेच पडला, असं सिद्ध करता येणार नाही. पण हूक टाकताना शिंपी कशाचा विचार करत असेल, हे समजतं. त्याच ऑलिंपिकमध्ये काही दिवस आधी दक्षिण कोरियाच्या मिन युराचाही हूक असाच सुटला होता.

माधुरीचं गाणं, व्हँकुव्हरचा बर्फ

भारतात हा खेळ अजून मूठभरांचा आहे. सिमल्याच्या उघड्या रिंकवर १९२० पासून थंडीत पाणी गोठवून स्केटिंग चालतं, पण मे महिन्यात पूर्णा जंक्शनच्या फलाटावर अकोल्याच्या गाडीची वाट पाहणाऱ्याला बर्फ भेटतो तो रसवंतीच्या पेल्यात. भारतातर्फे आंतरराष्ट्रीय स्पर्धांत उतरणारी तारा प्रसादही वाढली आणि शिकली अमेरिकेतच. तरी आपला वेश ऑलिंपिकच्या बर्फावर एकदा गाजला आहे.

२००९-१०च्या मोसमात जोडीनृत्याच्या एका फेरीला विषय होता लोकनृत्याचा. अमेरिकेच्या मेरिल डेव्हिस आणि चार्ली व्हाइट यांनी हिंदी चित्रपटांतली गाणी निवडली: ‘कजरा रे’, ‘सिलसिला ये चाहत का’ आणि ‘डोला रे डोला’. शेवटचं गाणं ‘देवदास’मधलं, मुंबईच्या मराठी घरातल्या माधुरी दीक्षितनं ऐश्वर्या रायबरोबर गाजवलेलं. पडद्यावर दोघी लाल काठाच्या पांढऱ्या बंगाली साड्यांत नाचतात. ते जसंच्या तसं बर्फावर नेणं अशक्य होतं. पदर पात्यात अडकला असता, निऱ्या गुडघ्याला अडल्या असत्या, बांगडी फुटून काचा बर्फात रुतल्या असत्या. म्हणून साडीचा आणि घागऱ्याचा नुसता भास ठेवायचा आणि पाय मोकळे ठेवायचे, असाच मार्ग उरतो. वेश नुसता अंगावर चढवून भागणार नव्हतं, म्हणून मान, मनगटं आणि बोटं कशी वळतात, हे त्यांनी अमेरिकेतल्या भारतीय नृत्यशिक्षिकेकडून शिकून घेतलं. व्हँकुव्हरला या जोडीनं रौप्य जिंकलं आणि ते नृत्य भारतातही पाहिलं गेलं.

त्याच फेरीत रशियाच्या ओक्साना डोमनिना आणि मॅक्सिम शाबालिन यांनी ऑस्ट्रेलियाच्या आदिवासींचा वेश घेतला. जानेवारीतल्या युरोपीय स्पर्धेत ते गडद रंगाच्या अंगासरशी कापडावर पांढऱ्या रेघा ओढून आणि पानं लावून उतरले. ऑस्ट्रेलियातल्या आदिवासी नेत्यांनी हा आपल्या संस्कृतीचा अपमान असल्याचं सांगितलं. व्हँकुव्हरला पोशाख सौम्य करून ते आले, त्यांना कांस्य मिळालं, पण टीका थांबली नाही. दोन्ही जोड्यांनी परक्यांचा वेश उचलला होता. एका जोडीनं तो वेश ज्यांचा आहे त्यांच्याकडून शिकून घेतला, दुसरीनं दुरून पाहून रंगवला. नियमांत या फरकाला नाव नाही, प्रेक्षकांना मात्र तो लगेच दिसला.

आपल्याकडचा उलटा हिशेब

महाराष्ट्रात पंचांपुढे देहाची करामत दाखवण्याचा सर्वांत अस्सल खेळ म्हणजे मल्लखांब. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी त्याला नवं रूप दिलं आणि अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकानं १९३६च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी परदेशात तो दाखवला. इथे वेशाचा हिशेब बर्फाच्या अगदी उलट आहे. बर्फावर पकड पात्याची असते, म्हणून बाकीचं शरीर कापडात असलं तरी चालतं. मल्लखांबावर पकड कातडीची. मांडी, पोटरी, काख आणि पोट यांनी लाकूड धरायचं. खांबाला एरंडेल चोळतात ते कातडी सोलवटू नये म्हणून, आणि अंगावर कापड जितकं जास्त तितकी पकड सुटण्याची भीती जास्त. म्हणून पुरुष लंगोट आणि आखूड चड्डीवर चढतात आणि त्यात कुणाला काही वावगं दिसत नाही. खेळाची ती गरजच आहे.

दोरीच्या मल्लखांबात दोर पायाचा अंगठा आणि शेजारचं बोट यांच्यात धरून वर चढतात आणि गाठ न मारता नुसत्या वेढ्यांवर आसनं करतात. दोर मांडीला, कंबरेला घासतो, तिथे अंगासरशी कापड थोडा आधार देतं. सैल कुर्ता किंवा सलवार मात्र धोक्याची, कारण कापड वेढ्यात अडकलं की वेढा सुटत नाही. मुली म्हणूनच जिम्नॅस्टसारखा अंगासरशी पोशाख घालतात. हिमानी परब हिला २०२१ सालचा अर्जुन पुरस्कार मिळाला, तेव्हा या खेळाकडे बऱ्याच घरांचं पहिल्यांदा लक्ष गेलं. आणि घरातून येणारा पहिला प्रश्न बहुतेकदा कपड्यांचाच असतो.

हा प्रश्न फक्त आपल्या गावांचा नाही. २०२१ साली टोकियो ऑलिंपिकमध्ये जर्मनीच्या जिम्नॅस्ट मुली घोट्यापर्यंत झाकणाऱ्या अंगासरशी पोशाखात उतरल्या. नियमात तो आधीपासून बसत होता, निवडण्याची पद्धत मात्र नव्हती. त्याच उन्हाळ्यात नॉर्वेच्या महिलांनी वाळूवरच्या हँडबॉलमध्ये ठरलेल्या बिकिनीऐवजी आखूड चड्ड्या घातल्या, म्हणून त्यांना १५०० युरो दंड झाला. टीका इतकी झाली की काही महिन्यांत नियमच बदलला. जर्मन मुलींना जास्त कापड हवं होतं आणि नियमाची हरकत नव्हती. नॉर्वेच्या मुलींना जास्त कापड हवं होतं आणि नियमाची हरकत होती. कुणी किती झाकावं, हे दोन्ही ठिकाणी खेळाच्या गरजेतून ठरलेलं नव्हतं.

सायर्सपासून इथवरचे सगळे नियम मांडून पाहिले, तर त्यांचे तीन प्रकार पडतात. हालचाल पंचाला दिसते का? कपडा खेळाडूला किंवा दुसऱ्याला इजा करेल का? आणि तो शोभतो का? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं फारशी बदललेली नाहीत: पावलं दिसायला हवीत, खडा बर्फावर पडता कामा नये, दोरीत सैल कापड अडकता कामा नये. तिसऱ्याचं उत्तर दर पिढीत बदललं आणि त्याची किंमत जवळजवळ दर वेळी मुलींनी मोजली. पूर्णेसारख्या गावात मल्लखांब, योगासनं किंवा जिम्नॅस्टिक्सचा वर्ग चालवणाऱ्या शिक्षकांना यातून एक काम लगेच करता येईल. स्पर्धेच्या पत्रकावर मुलींचा एकच पोशाख न छापता चालणारे सगळे पर्याय छापावेत: आखूड चड्डीसह अंगासरशी, गुडघ्यापर्यंतचा, जिथे खेळ परवानगी देतो तिथे घोट्यापर्यंतचा. सैल ओढणी, बांगड्या आणि पिना का चालत नाहीत, याचं कारणही शेजारी लिहावं. हालचाल दिसणं आणि सुरक्षितता यांचा निर्णय पंचांनी घ्यावा. उरलेला निर्णय खेळणारीवर सोडला, तर खेळाचं काही बिघडत नाही.